काच अंगाला लावायची नाही

सोमवार, ४
ताई पुढच्या सोमवारपासून पुन्हा कामावर जाणार. माझी पाळी संध्याकाळची, म्हणून दिवसा भाच्याला मी सांभाळावं, असं दाजींनी परस्पर ठरवलं. नाही जमलं तर त्यांची बहीण येऊन राहील, आणि तिला माझी खोली द्यावी लागेल. ही सरळसरळ धमकी आहे.
मी काचसामानाच्या गोदामात पॅकर आहे. आजवर माझ्या हातून एक पेला फुटलेला नाही. दोन महिन्यांचं पोर ते काय!

मंगळवार, ५
सराव. गोदामाचा पहिला नियम: काच अंगाला लावायची नाही. एक हात मानेखाली, एक बुडाखाली, कोपरं ताठ, माल अंगापासून लांब. पकड निर्दोष. तरी भोंगा वाजला. (भाच्याला मी मनात भोंगा म्हणतो.)
ताई म्हणाली, "अरे, ती बरणी नाहीये. छातीशी धर त्याला."
तिला पॅकिंगमधलं ओ की ठो कळत नाही.

बुधवार, ६
दवाखान्यातल्या सिस्टरनेही तेच सांगितलं. मानेला आधार द्या, जवळ घ्या, तुमचा श्वास ऐकू दे त्याला. ताईने पढवलेली दिसते. दाजी हसले. ते स्वतः पोराला खांद्यावर टाकून मोबाईल बघत फिरतात. असल्या माणसाला आमच्या गोदामात कुणी झाडूसुद्धा हातात देणार नाही. भोंगा त्यांच्या खांद्यावर लगेच झोपतो. दोघं एकमेकांना सामील आहेत.

शुक्रवार, ८
कामाचे हातमोजे घालून उचलला. रडला. मोजे काढले. रडला. खुळखुळा वाजवला, तर मीच त्याची खोली अडवून बसलोय असा बघायला लागला.
ताईने विचारलं, त्याच्याशी बोलतोस का. काय बोलणार? आमचे संबंध तसे नाहीत.

रविवार, १०. दुपार
दाजी आणि ताई नणंदेला आणायला स्टेशनवर गेलेत. ती म्हणे "नुसती बघायला" येतेय. भोंगा चालू. दूध पाजलं, लंगोट बदलला, तरी चालूच. माझे हात लटपटायला लागले. लटपटत्या हातात माल धरायचा नाही, हाही नियमच. म्हणून, केवळ सुरक्षिततेसाठी, खुर्चीत बसून छातीशी घेतला.
त्याने शर्टात नाक खुपसलं. एक उचकी दिली. झोपला.
डोकं भलतंच गरम असतं यांचं. सिस्टरचा याच्याशी काही संबंध नाही. पकड माझी. डाव्या हाताने लिहितोय. आता खोली माझीच.

रविवार, संध्याकाळ
तिघं दारात आले. साक्षीदार आयते मिळाले, म्हणून मी म्हणालो, "बघा, झोपवला की नाही!" जरा मोठ्याने म्हणालो.
भोंगा दचकला. शेजारचेही दचकले असावेत. नणंदबाईंनी चप्पलही न काढता त्याला उचललं. गप्प झाला, फितूर. मग त्यांनी दाजींना विचारलं, माझी बॅग कुठल्या खोलीत ठेवू.

बुधवार, १३
स्वयंपाकघरात झोपतो. खोली त्यांची, भोंगाही त्यांचा. सुंठीवाचून खोकला गेला. त्याच्याकडे मी ढुंकूनही बघत नाही. आता सगळं लक्ष कामावर.
आज फोरमनने सगळ्यांसमोर विचारलं, "ती बरणी छातीशी धरून थोपटतोयस कशाला?"
तडा तपासतोय, असं म्हणालो. जरा हळूच म्हणालो.