माझा बेस आणि मंचावरची माझी जागा

मी, अश्वजीत गुलाबराव गजभिये, वय वर्षे सदुसष्ट, धर्म बौद्ध, धंदा पेन्शन आणि बेस गिटार, राहणार महाराजपूर, जबलपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत करून ठेवत आहे. ‘पूर्ण शुद्धीत’ हे शब्द वाचून माझी पत्नी सुमेधा हसली. तरी ते राहू द्यावेत, कायद्याला ते लागतात.

पुढल्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेलो नाही. पण आयुष्यभर गाणे सुरू होण्याआधी मी तारा जुळवून घेत आलो, तेव्हा हेही आधीच जुळवून ठेवलेले बरे. आमच्या वकीलबाई, अ‍ॅड. विनीता खानवलकर, म्हणाल्या की हिंदीत लिहा, कचेरीत सोपे जाईल. मी म्हटले, तर्जुमा तुम्ही करा. मला माझ्या माणसांशी बोलायचे आहे, ते मी मराठीतच बोलणार.

घराची आणि पैशांची व्यवस्था थोडक्यात होईल, कारण माझी मुले भांडणारी नाहीत. मला खरी काळजी आहे ती एकाच गोष्टीची. आमच्या पंचशील वाद्यवृंदात माझ्यामागे माझ्या जागी माझी मुलगी यशोधरा बेस घेऊन उभी राहील की ती जागाच बंद होईल, हे मला ठाऊक नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. महाराजपूरचे राहते घर सुमेधाच्या हयातीत तिचे एकटीचे. तिच्यानंतर मुलगा अश्विन आणि मुलगी यशोधरा यांना निम्मे निम्मे. माझे वडील गुलाबराव भंडाऱ्याहून इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात मजूर म्हणून आले, तेव्हा त्यांच्याकडे एक पेटी आणि एक ढोलकी होती. धम्मदीक्षेनंतर आमच्या घरात जन्मलेला पहिला मुलगा मी. वडिलांनी मला नाव दिले, शाळा दिली आणि ढोलकीवर बसू दिले. मीही त्याच कारखान्यात भांडारात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. हे घर त्या नोकरीचे आहे. त्या नोकरीचा मी आभारी आहे, कारण तिच्या पाळ्यांमधून मला तालमीला वेळ मिळाला.

कलम २. बँकेतील आणि टपाल खात्यातील सगळी बचत सुमेधाला. याबद्दल आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. स्वयंपाकघरातील मोठे ॲल्युमिनियमचे पातेले सुमेधाचेच आहे आणि तिच्याकडेच राहील. हे लिहावे लागते, कारण त्या पातेल्यावरून आमचे भांडण झाले आहे. बेसच्या खरखरीत तारा जुन्या झाल्या की त्यांच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ बसतो, आवाज मरतो. नव्या तारा महाग, म्हणून आम्ही वाजवणारे लोक जुन्या तारा उकळून काढतो. मी त्या तिच्या वरणाच्या पातेल्यात उकळल्या. ती बाजारातून आली, झाकण उघडले आणि म्हणाली, “अहो, हे काय शिजवून राहिले तुम्ही?” मी म्हटले, “तारा.” ती म्हणाली, “मग पोळीसोबत खाजा.” त्या रात्री तिने माझ्या ताटात तारा वाढायच्याच काय त्या बाकी ठेवल्या होत्या. पुढे मी सपाट तारा घेतल्या, ज्यांना उकळावे लागत नाही आणि ज्या जितक्या जुन्या तितक्या गोड. लोक मला विचारतात की सपाट तारांकडे कसा वळलो. ते श्रेय सुमेधाचे. असल्या माणसासोबत तिने संसार केला आणि भीमजयंतीच्या एकाही एप्रिलात मला घरी बसवले नाही, याचे उपकार कुठल्या कलमात बसवू मला समजत नाही.

कलम ४. माझा बेस. चार तारांचा, जपानी बनावटीचा, काळपट तपकिरी, नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून जुना घेतलेला. तो मी यशोधराला देत आहे.

अश्विनने बंगळुरूहून फोनवर सुचवले होते की पुढेमागे त्याची काचेची पेटी करू, आत दिवा लावू, बाजूला तुमचा फोटो. त्याच्या मनातले प्रेम मला कळते. पण बाळा, न वाजवलेला बेस लाकडाची फळी होते. माझा फोटो भिंतीवर लाव, बेस लावू नको.

यशोधरा डावखुरी आहे. शाळेत होती तेव्हा मी ड्यूटीवर गेलो की ती बेस काढायची आणि उलटा धरायची. उलटा धरला की जाड तार खाली येते, बारीक वर जाते, सगळी बोटे उफराटी पडतात. एकदा मी लवकर घरी आलो आणि दारातच थांबलो. आतून आमच्या १४ एप्रिलच्या पहिल्या गाण्याची चाल येत होती, अगदी नीट. मी आत जाऊन म्हटले, “काहून उलटा धरून राहिली?” ती म्हणाली, “पापा, मुझे तो ऐसेच जमतं.” मी म्हटले, “चल, तारा फिरवून देतो, तुझ्या हातासाठी.” तर पोरगी म्हणते, “अच्छा, मग तुम्ही कसे वाजवाल?”

घरात बेस एकच होता. म्हणून माझ्या तारांची मांडणी न बदलता ती त्याच उफराट्या तारांवर शिकली. आज रेल्वेत नोकरी करते, ऑफिसातून थकून येते, आणि तरीही तशीच वाजवते. मी पाहिलेल्या कोणत्याही वाजवणाऱ्याने दुसऱ्यासाठी एवढे केलेले नाही. मला मिळालेली सगळ्यात मोठी देणगी हीच, आणि ती मी दररोज संध्याकाळी ऐकली.

कलम ५. बेसची निगा. पावसाळ्यात लाकूड फुगते, नेक, म्हणजे बेसची लांब मान, पुढे वाकतो, तारा वर उठतात. तेव्हा आतल्या सळईचा नट थोडा आवळावा. उन्हाळ्यात जबलपूरची गरम लू लागली की तोच थोडा सैल करावा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि रागात असताना अजिबात नाही. ब्रिजजवळ, तारा जिथे खाली अडकवतात तिथे, त्यांच्याखाली स्पंजचा तुकडा आहे, तो काढू नये. आवाज लांबत जाऊन गायकाच्या पायात येऊ नये म्हणून तो आहे. बेसच्या अंगाला वर दोन शिंगे आहेत, त्या दोन्हींना पट्ट्याची बटणे आहेत. एक मुळातलेच, एक मी बसवलेले. कार्यक्रमाच्या मध्यंतरात पट्टा एकीकडचा काढून दुसरीकडे लावला की बेस माझ्याकडून तिच्याकडे जातो. सगळ्या शहरात दोघांसाठी असा बेस दुसरा नसावा.

आवाजाच्या बटणाखाली सायकलच्या ट्यूबची चकती आहे, तिच्याबद्दल कलम ८ मध्ये येईल.

कलम ६. अश्विनने वाढदिवसाला पाठवलेले, बेसला जोडून पायाने दाबायचे निळे पेडल अश्विनला परत. त्याने फोनवर समजावले की हे आवाज एकसारखा करते. मी लावून पाहिले, काढून पाहिले, मला फरक कळला नाही. पण ‘पापांना काय आवडेल’ म्हणून तो दुकानात उभा राहिला असेल, हे डोळ्यांसमोर येते, म्हणून ते मी नेहमी पुसून ठेवले. गिटारी घेऊन फिरणारी पोरे त्याच्या ऑफिसात आहेत म्हणे. त्याने आता स्वतः वाजवायला घ्यावे.

कलम ७. आमचा गिटारवाला स्वप्निल याच्याकडे माझ्या सगळ्या चांगल्या केबल आहेत. दर वेळी तो त्या ‘फक्त आजच्या दिवसापुरत्या’ म्हणून नेतो. सदर केबल या कलमान्वये मी त्यालाच देत आहे, म्हणजे निदान कागदावर तरी त्याने त्या परत करायच्या राहिल्या नाहीत. बोटे सोडून पिक, म्हणजे प्लास्टिकचा तुकडा, घेऊन वाजवणाऱ्याला बेसवाला म्हणत नाहीत, हे माझे मत कायम आहे. पण माझ्या छातीत कळ आली त्या दिवशी मला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेणारा हाच. स्वप्निल, तुझे पिकसुद्धा माफ.

कलम ८. माझा मोठा अ‍ॅम्प, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा खोका, चाकांसकट. हा मी श्री. नीलकंठ मोघे, राहणार दीक्षितपुरा, यांना एका अटीवर देत आहे.

नीलकंठजी आमचे कीबोर्डवाले. आम्ही दोघांनी मिळून हा वाद्यवृंद उभा केला. गणपतीत त्यांच्या दीक्षितपुऱ्यात मी वाजवले, एप्रिलमध्ये ओमती भागातल्या जयंतीच्या मंचावर ते आमच्यासोबत उभे राहिले, आणि कधी कोणी नाक मुरडले तर त्याच्यासमोर ते आणखी जोरात वाजवायचे. या माणसाबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नव्हते. पण मी आजारी पडल्यावर तालमीत त्यांनी माझा बेस कीबोर्डवर डाव्या हाताने वाजवायला सुरुवात केली. मी खुर्चीवर बसून ऐकत होतो. एकाही गायकाने मागे वळून पाहिले नाही. नीलकंठजी म्हणाले, “भाऊ, तुम्ही आराम करा. मी सांभाळून घेतो.” मी घरी आलो आणि जेवलो नाही.

आजारी पडण्याआधी मी एकदाच विचारले होते, यशोधराला पूर्ण कार्यक्रम द्याल का. ते म्हणाले, “तिचा आवाज मध्येच जातो ना.” ते खरे होते. मग मी तिच्यासमोर बसून पाहिले. उलट्या धरलेल्या बेसवर बटणे तिच्या हाताखाली येतात आणि कोपर लागून आवाज फिरतो. म्हणून ती रबराची चकती घातली. आता बटण मुद्दाम फिरवल्याखेरीज फिरत नाही. तिच्या वाजवण्यात खोट नव्हती.

तरी अट अशी: नीलकंठजींनी १४ एप्रिलला, आणि त्यापुढेही, बेसची जागा यशोधराला द्यावी आणि बेसच्या सुरांवरून आपला डावा हात उचलावा. तसे केले तर अ‍ॅम्प त्यांचा. न केल्यास अ‍ॅम्प विकून येईल ते बुद्धविहाराला द्यावे.

दुरुस्ती, आजच्याच तारखेची. सहीसाठी सगळे आमच्या घरी जमले असता वकीलबाईंनी वरील मजकूर मोठ्याने वाचला. नीलकंठजींना मी साक्षीदार म्हणून बोलावले होते. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याने साक्ष न केलेली बरी, उद्या कोणी बोट ठेवायला नको. नीलकंठजींनी हातातले पेन खाली ठेवले. मग म्हणाले, “भाऊ, कलम आठ काटून टाका. मला अ‍ॅम्प नको. मी सही करतो.”

मी म्हटले, “आणि अट?”

ते म्हणाले, “अट कशाची लावून राहिले तुम्ही? मागच्या महिन्यात दोन बेसवाले विचारायला आले होते, गजभिये आजारी आहेत तर आम्ही येतो म्हणून. एकदा कोणी तिथं उभा राहिला, तर उद्या पोरीसाठी त्याला हटवणार कोण? म्हणून मी म्हटलं, गरज नाही भैया, मी वाजवतोय. जागा रिकामी ठेवायची होती, बस. तिला विचारायचं तर तुमच्या ऑपरेशनच्या आधी कसं विचारू? तुम्हाला वाटलं असतं, मी तुम्हाला काढून राहिलो.”

यशोधरा चहा घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्या पाया पडायला वाकली. ते म्हणाले, “ते राहू दे. मंगळवारी तालमीला ये, पापांच्या खुर्चीच्या बाजूला उभी राहा.”

म्हणून कलम ८ मधील अट मी माझ्या सहीने खोडत आहे. अ‍ॅम्प यशोधराला, बेसच्या सोबत. ज्याला अटीने बांधू पाहिले, तो आधीपासूनच माझ्या लेकीची जागा धरून बसला होता. अशी माणसे मिळाली, यापेक्षा जास्त मी कमावलेले नाही आणि मागतही नाही.

यशोधरासाठी एवढेच राहिले. शस्त्रक्रियेतून मी परतलो तर मी खुर्चीवर बसून ऐकीन, कार्यक्रम तुझाच. नाही परतलो तरी तुझाच. आणि बाळ, त्या तारा आता माझ्या हातासाठी तशा ठेवू नकोस. हव्या तर फिरव. उफराट्याच आवडत असतील तर तशाच ठेव, पण तुला आवडतात म्हणून.

हे मृत्युपत्र मी वाचून घेतले, समजून घेतले आणि समाधानाने खाली सही केली. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

सही: अश्वजीत गुलाबराव गजभिये

आम्हा दोघांच्या देखत मृत्युपत्रकर्त्याने सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत केली.

साक्षीदार १: नीलकंठ मोघे, दीक्षितपुरा, जबलपूर
साक्षीदार २: कुंदा रामटेके, शेजारी, महाराजपूर, जबलपूर

स्थळ: महाराजपूर, जबलपूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५