मालतीताईस, आईच्या वेलाबाबत

पेण,
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप मालतीताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात पाचच अंगं टेकली आहेत, उरलेली तीन पत्रातून पोचती समज.) शरदरावांचा गुडघा कसा आहे? त्यांनी डॉक्टर बदलला की डॉक्टरांनीच त्यांचा नाद सोडला, ते कळव. आम्ही इकडे ठीक आहोत. आसावरीचं शाळेत शिकवणं चालू आहे आणि मी घरी असतो. (माझ्या स्वेच्छानिवृत्तीला दीड वर्ष झालं. स्वेच्छा नेमकी कोणाची होती, हे अजून कोणी विचारलेलं नाही.)

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर आपलं बोलणं होतं म्हणजे तू बोलतेस आणि मी ‘हं’ म्हणतो. आज मला सलग बोलायचं आहे, आणि तू मध्येच ‘तरी मी सांगत होते’ म्हणू शकणार नाहीस अशी सोय आता फक्त पोस्टातच उरली आहे. तेव्हा बसून वाच.

भाऊबीजेला तुझ्या गावी, अष्टमीला आलो, तेव्हा ओवाळता ओवाळता तू विचारलंस, ‘आईचा वेल कसा आहे रे?’ मी म्हटलं, ‘झकास.’ समोर निरांजन होतं, कपाळावरचं कुंकू ओलं होतं आणि मी धडधडीत खोटं बोललो. वेलाला त्या दिवशी चार पानं होती. आज दोन आहेत. त्यातलं एक पिवळं आहे आणि दुसरं विचारात आहे.

आता मनीप्लांट मारायला सुद्धा अंगात काही कर्तृत्व लागतं, हे मी मान्य करतो. ज्या वेलाला आपल्याकडे कोणी झाड सुद्धा म्हणत नाही, जो रोह्यात कोणाच्याही पन्हाळीवर, विजेच्या खांबावर, पोस्टाच्या भिंतीवर विनातक्रार चढतो, तो माझ्या हातून सुकावा? आपल्या त्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत त्याला काय सुख होतं सांग! हॉर्लिक्सची बाटली, मोरीशेजारची खिडकी आणि आठवड्यातून दोनदा तांदळाचं धुवण. बाबांनी भिंतीवर खिळे ठोकून सुतळी ओढून दिली होती, तिच्यावरून तो बिऱ्हाडकरूसारखा गुपचूप पुढे सरकायचा. तुझं लग्न ठरलं तेव्हा तो कॅलेंडरापर्यंत आला होता. (तुझी साखरपुड्याची तारीख त्याच्या पानाखाली गेली म्हणून तू ते पान तोडायला निघालीस आणि आईनं तुझ्या हातावर चापट मारली. ऐन लग्नघरात, पाहुण्यांसमोर.) मला पेणला नोकरी लागली तेव्हा तो दारावर होता. बाबा गेले त्या वर्षी मीटरच्या पेटीला वळसा घालून परत खिडकीकडे निघाला होता. आपल्या घरात दुसरी कुठली नोंदवही नव्हतीच.

आईला जाऊन येत्या मार्गशीर्षात दोन वर्षं होतील. जागा मालकाला परत करायच्या आदल्या दिवशी तू वेलाचे दोन भाग केलेस. मुळाकडचा तुझ्याकडे, शेंड्याकडचा माझ्याकडे. मी शेंडेफळ म्हणून शेंडा, हा तुझा न्याय. आणि वर चारचौघांत बजावलंस, ‘ह्याच्याकडे जगायचा नाही.’ तेव्हापासून तो वेल नुसता वेल राहिला नाही ताई, ती माझी परीक्षा झाली. श्राद्धाला तू इथे येशील तेव्हा आईच्या फोटोला हात जोडायच्या आधी खिडकीकडे बघशील, हे मला ठाऊक आहे. त्याला अजून तीन आठवडे आहेत.

पहिलं वर्ष बरं गेलं. यंदा मे महिन्यात दिवाणखान्यात एसी आला आणि वेलानं मान टाकली. पुण्याला व्हिडिओ लावून ऋजुताला दाखवलं. (माझी मुलगी पुण्यात राहायला गेल्यापासून तिला झाडातलं कळायला लागलं आहे. इथे असताना तुळशीला पाणी घालायलाही तिला आठवण करावी लागे.) ती म्हणाली, ‘बाबा, त्याला दमटपणा कमी पडतोय.’ दमटपणा कमी! पेणमध्ये! जिथे पावसाळ्यात मीठ चमच्यानं घेता येत नाही, ओतावं लागतं, आणि कपाटातल्या कोटाला मिशा फुटतात! पण एसीखाली पेण राहत नाही, कुठलंतरी भलतंच थंड गाव होतं, असं तिचं म्हणणं. मग मी इस्त्रीच्या फवाऱ्यानं रोज वेलावर पाणी मारू लागलो. वेल तसाच राहिला. खालच्या सोफ्याला मात्र बुरशी छान आली.

मग ऋजुतानं सांगितलं, न्हाणीघरात ठेवा, वाफ मिळेल. ठेवला. दुसऱ्या दिवशी आसावरी बादली भरून तशीच बाहेर आली. ‘अहो, सासूबाईंच्या समोर मी आंघोळ करायची का?’ मी म्हटलं, ‘अगं, तो वेल आहे.’ ‘पानं बघा कशी वळवलीत माझ्याकडे,’ ती म्हणाली. मी जाऊन पाहिलं. ताई, खरंच आईच साबण किती वापरते ते बघत असावी, अशी ती पानं वळली होती. पुढे आठवडाभर आसावरी वेलावर टॉवेल टाकून आंघोळ करायची, आणि टॉवेल काढायला रोज विसरायची. अंधारात वाफ खाऊन वेलाची तीन पानं गळली.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर निभावलं असतं. पण भाद्रपद आला. यंदा गणपतीचं विसर्जन आम्ही घरीच बादलीत केलं. दुसऱ्या दिवशी तळाशी लोण्यासारखी शाडूची माती बसली होती. आता तूच सांग, पेणमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसानं मातीवर अविश्वास दाखवायचा? जी माती इथून देव होऊन जगभर जाते, ती एका मनीप्लांटला मानवणार नाही, ही शंकाच मला गावद्रोह वाटली. आसावरी म्हणाली, ‘थोडीशी घालायची असेल ना?’ मी वेल बाटलीतून काढला, कुंडीत लावला आणि कुंडी काठोकाठ भरली. वर हात जोडले. महिनाभरात माती वाळून अशी घट्ट झाली की वेल हलवला तर कुंडीही हलायची. पाणी घातलं की वर तळं साचायचं. मला वाटायचं, वेल पोटभर पितोय.

भाऊबीज झाली, आणि तुझ्या दारातला हिरवागार मुळाकडचा भाग बघून आल्यावर मला चैन पडेना. कुंडी मांडीवर घेऊन एसटीनं खांब गावी गेलो. तिथे हायवेला लागून जनूची नर्सरी आहे. जनूनं कुंडीला टिचकी मारली. मडक्यासारखा आवाज आला.

‘काका, ह्यात झाड लावलंय का झाडाची मूर्ती केलीय?’

मी कुंडी माझ्याकडे ओढली.

‘शाडू हाय ना ही? पाणी खाली उतरतच नाय. मुळं गुदमरली. पेणवाले काय तुम्ही?’

मी नागोठण्याचा असल्याचं सांगितलं. (गावाची अब्रू आपल्या हातात असते.)

जनू म्हणाला, माती धुऊन काढा आणि जगला तर परत पाण्यात ठेवा. घरी येऊन कुंडी बादलीत बुडवली. माती सुटली, आणि आसावरी दारात उभी. ‘हे पाणी मोरीत ओतायचं नाही. गणपती आहे तो.’ झालं! निरांजन आलं, दूर्वा आल्या, ती म्हणाली म्हणून मी अर्धी आरतीही म्हटली. शेजारच्या किमयानं खिडकीतून विचारलं, ‘काकू, राहिले होते का?’ भर कार्तिकात दुसऱ्यांदा विसर्जन करणारे पेणमध्ये आम्हीच पहिले असू. पाणी सोसायटीच्या माडाला घातलं. (त्याला काही झालं नाही. माड आहे तो, मनाला लावून घेत नाही.) वेलाची मात्र तीनच मुळं उरली, दोऱ्यासारखी.

आणि आता जे लिहितो त्यावर रागावू नकोस. परवाच्या रविवारी मी रोह्याला येऊन गेलो, आणि तुझ्याकडे आलो नाही. नदीपलीकडूनच परतलो. मी गेलो होतो आपल्या जुन्या भिंतीपलीकडच्या जुबेदाचाचीकडे. आईचा वेल मुळात चाचीच्या ओट्यावरचा, एवढं मला अंधूक आठवत होतं. म्हटलं, आईला तो कसा लागला, काय घालायची, ते तरी कळेल. चाची ऐंशीच्या पुढे गेली आहे, पण तिनं मला आवाजावरून ओळखलं आणि लहानपणीसारखं कान धरून जवळ बसवलं. ‘तुझ्या आईला मी वेल दिला नाय,’ ती म्हणाली. ‘तिनं चोरला.’

आपली आई, ताई! जी भाजीवाल्यानं चुकून दिलेली जादा मिरची परत करायची!

‘दुपारची यायची, चाय प्यायची, नि वेलाकडं बघत बसायची. मागितला असता तर दिला नसता का मी? पण दिलेला हा वेल लागत नाय, चोरलेलाच लागतो, हे तिला पण ठावं नि मला पण. मग एक दिवस मी तिच्याकडं पाठ केली नि चाय उकळत उभी राहिली. तीनदा उकळली. काळी झाली चाय. तवा कुठं मागं कात्री वाजली.’

मी विचारलं, ‘आईला कधी बोलला नाहीत?’

‘बोलले असते तर सुकला नसता? आणि त्या एका फांदीपायी तुझ्या आईनं चाळीस वर्षं मला मोदक धाडले. मी कशाला बोलू!’

आठव ताई. पहिलं बिरडं, पहिलं फदफदं, पहिला मोदक, सगळ्यातली पहिली वाटी चाचीकडे. मी भिंतीवरून द्यायचो, तू खालून वाटी धरायचीस. आपण समजत होतो तो शेजारधर्म. ती बाई चाळीस वर्षं मनातल्या मनात क्षमा मागत होती, आणि पलीकडची चवीनं खात होती. चाचीच्या ओट्यावर आता फरशी झाली, तिचा वेल केव्हाच गेला. माझ्या वेलाची चौकशी तिनं केली. तिला मी खरं सांगितलं. तिच्यापुढे खोटं बोलवेना.

तेव्हा निष्कर्ष असा, की चूक एसीची नाही, शाडूची नाही, माझी तर नाहीच. चूक तुझी आहे. तू मला तो वेल दिलास. चारचौघांत, हळदकुंकू लावून, वर ‘पाणी घाल रे’ सांगून दिलास. लागणार कसा?

शरदरावांना नमस्कार, आणि तुला रागवायचं असेल तर श्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर रागव.

तुझा शेंड्याकडचा,
अंबरीश

ता. क. : येत्या रविवारी मी अष्टमीला येतो आहे. मी आलो की तू चहा टाकायला आत जा, आणि लवकर बाहेर येऊ नकोस. माझ्या खिशात कात्री दिसली तर ‘कशाला रे?’ म्हणू नकोस. तुला पाठ फिरवणं जड जातं हे मी जाणतो, लपाछपीत सुद्धा तू बोटांच्या फटीतून बघायचीस. पण एवढं माझ्यासाठी कर. आईचा वेल माझ्या हातून संपला असं व्हायला नको.

ता. क. २ : पाकीट डकवण्याआधी आसावरीनं हे पत्र वाचलं. (माझं कुठलंही पत्र तिच्या तपासणीशिवाय जात नाही.) चाचीचं वाचून तिनं पत्र खाली ठेवलं. मग म्हणाली, बारा वर्षांपूर्वी आम्ही रोह्याला आलो होतो तेव्हा तिनंही आईच्या वेलाची एक फांदी पर्समध्ये टाकली होती. तो वेल तिच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत आहे. तीन खिडक्या झाकून आता घड्याळाकडे निघाला आहे. मी ओरडलोच, ‘अगं, मग इतके महिने माझा जीव जाताना बघत बसलीस?’ तर म्हणते, ‘सांगितला तर सुकतो ना.’ आणि मग म्हणाली, ‘सासूबाई त्या दिवशी किती वेळ चहा उकळत होत्या! काळा झाला होता. मला वाटलं, वय झालं.’

एक फांदी दे म्हटलं, तर साफ नाही म्हणाली. मात्र उद्या सकाळी ती डबा घरी विसरून जाणार आहे आणि तो मला शाळेत पोचवावा लागेल, असं तिनं मला आत्ताच सांगून ठेवलं आहे.