‘सातवा टाका’वर आलेली मतं

४ मार्च
कादंबरीचा खरा खर्च आज मांडला. अडीच वर्षं. एकवीस रिफिली. चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. मेहुण्याने बोलणं टाकलं. हस्तलिखितातलं प्रेत आपल्यावर बेतलंय हे त्याने ओळखलं. असो. ‘सातवा टाका’ हातात आलं! ऑपरेशन, खून, खटला. पंचवीस वर्षं सर्जिकल सामानाचं दुकान चालवतोय, शेजारी हॉस्पिटल, समोर कोर्ट. कुबडी घेणाराही माझ्याच काउंटरवर बोलतो आणि त्याचा वकीलही. कान उघडे ठेवले, बस्स. छापील प्रत पानन् पान तपासून बाइंडरला ओके दिलं. एक चूक दाखवा!

५ मार्च
बायकोला सांगितलं, एक तारखेपासून दुकान जावयाकडे, मी फुलटाइम लेखक. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, अहो, पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला एक माणूस आणून दाखवा, मग खुशाल द्या. मी म्हटलं, शंभर आणतो. म्हणाली, एक पुरे.

९ मार्च
सर्जनसाहेबांचं मत आलं. ऑपरेशन साफ चुकलंय, असा टाका घातला तर पेशंट उठून मारेल. पण कोर्टाचे सीन लाजवाब!
संध्याकाळी वकीलसाहेब. कोर्टात असं कुणी बोललं तर न्यायाधीश बाहेर काढतील. पण ऑपरेशन, अहाहा, वाचताना पोटात कळ आली!
म्हणजे दोन्ही भाग जाणकारांना पसंत. बेरीज केली की पुस्तक उत्तम. शेवट कसा वाटला विचारलं. दोघंही म्हणाले, कमाल. दोघंही घाईत होते.
बायको म्हणाली, खुनी कोण ते विचारा की त्यांना. नाही विचारलं. मोठी माणसं, बरं दिसत नाही.

१४ मार्च
योजना: गुडघ्याच्या प्रत्येक पट्ट्यावर एक प्रत फुकट. एक आजी प्रत परत घेऊन आल्या. म्हणाल्या, हे राहू दे बाबा, पट्टाच एक नंबर मोठा दे.

१७ मार्च
फिजिओथेरपीवाल्या बाईंनी आणखी चार प्रती मागितल्या. पुस्तकाची उंची टाच टेकवायला अगदी बरोबर म्हणे. वहीत नोंद: ‘वाचकांच्या रोजच्या वापरात.’

२० मार्च
जावयाने दुकानात स्वतःची खुर्ची आणली. विचारत होता, बाबा, वाचक सापडला का? म्हटलं, सापडायचा काय, निवडायचा आहे.

२३ मार्च, दुपारी
सापडला! पायाला प्लास्टर घातलेले काका. आडवे पडून दोन दिवसांत फडशा पाडला. फोनवर आवाज चढलेला. अहो, न्यायाधीश उभे राहतात, तोंड उघडतात, पुढे काय? खुनी कोण ते सांगा आधी!
याला म्हणतात पकड. वाचकाला पुस्तक संपूच नये असं वाटतंय. दुसरा भाग लिहिणं आलं. जावयाला चाव्या दिल्या. बायकोला काकांचा नंबर दिला, कर म्हटलं खात्री.

२३ मार्च, संध्याकाळी
ती वीस मिनिटं बोलली. मग माझ्यापुढे पुस्तकाचं शेवटचं पान उघडून धरलं. पान २८८. शेवटची ओळ: ‘या न्यायालयाच्या मते खुनी’. पुढे पुठ्ठा.
मी म्हटलं, धाडसी शेवट आहे. तिने बाइंडरचा नंबर लावून फोन पुढे केला.

२४ मार्च
बाइंडर म्हणाला, अरेच्चा, शेवटची सोळा पानं इथेच राहिलीत की, गठ्ठा बांधलेला आहे! पाचशेच्या पाचशे प्रती निकालाशिवाय. वीस दिवसांत तक्रार एकच, काकांची. म्हणजे शेवटपर्यंत वाचलेला माणूस जगात एकही नाही, आणि असूच शकत नाही.
सर्जनसाहेबांना आणि वकीलसाहेबांना दुकानावरून जाताना पाहिलं. दोघांनीही लांबूनच अंगठा दाखवला.
बायको हसली नाही. म्हणाली, ते काका बिचारे तळमळतायत, जाऊन सांगून या.

२५ मार्च
गेलो. सोळा पानं तोंडी सांगितली, न्यायाधीशांच्या आवाजात. काका म्हणाले, भूल देणाराच ना? पान चाळीसलाच वाटलं होतं मला.
जावयाने चाव्या न मागता परत दिल्या. खुर्ची ठेवून गेला, तीवर मी बसलो.
बाइंडर विचारत होता, साहेब, ओके दिलंत तेव्हा प्रत बघितली नव्हती का?
बघितली होती. मुखपृष्ठ आणि मागचा माझा फोटो.