विचारल्यावर सांगेन

५ मार्च १९८९, रविवार
कालच्या नोंदीत दुरुस्ती. ‘विद्यापीठातल्या स्पर्धेत माझ्या पोस्टरपाशी बरीच माणसं थांबली’ असं लिहिलं, ते चूक. माणसं शेजारी, आमच्याच कॉलेजातल्या सेजलच्या पोस्टरपाशी थांबली होती. जागा अपुरी, म्हणून काही माझ्यासमोर सरकली. माझ्याकडे दोघेच आले. एकाला चहा कुठे मिळतो ते हवं होतं, दुसऱ्याला टाचण्या. दोघांनाही नीट उत्तर दिलं.

विषय मात्र माझाच चांगला. आमच्या चोपडे गावच्या खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या शेतातलं, कोरगुट भात किती खाऱ्या पाण्यात उगवतं. दुधाच्या पावडरीच्या डब्यांत पेरून पाहिलं. बोलायची तयारी इंग्रजीत केली होती. कुणी कोंकणीत विचारलं तर म्हणून कोंकणीतही. मराठीत होतीच. एकाही भाषेची गरज पडली नाही.

सुलोचना आत्याने विचारलं, काय गो, बोललंस मगो? म्हटलं, छान झालं. (हेही दुरुस्त करावं लागेल.)

७ मार्च
निकाल लागला. सेजल दुसरी. माझ्या नावापुढे ‘गैरहजर’.
ही चूक माझी नाही. मी सकाळपासून तिथेच, खांबाला लागून उभी होते. सेजल म्हणते, अगो, परीक्षक दोनदा येऊन गेले, हें पोस्टर कोणाचें म्हणून मोठ्याने विचारलं, तू खंय होतीस? ऐकलं होतं मी. पण ते माझ्याकडे बघून विचारत नव्हते. हवेत विचारलेल्याला मध्येच उत्तर देणं बरं दिसत नाही. चौथीपर्यंत मला आत्यानेच घरी शिकवलं. पहिला धडा हाच, आपल्याला विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.
सेजल हसली. मग हसायची थांबली. ते जास्त लागलं.

९ मार्च
बस स्टँडवर आमचे गोकुळदास सर भेटले. म्हणाले, तू हजर होतीस असं मी विद्यापीठाला कळवतो, ते पोस्टर परत बघतील. पण आधी केबिनमध्ये येऊन मला तसं सांग. शनिवार, १८ तारखेपर्यंत कधीही. त्यानंतर पुढच्या फेरीसाठी पुण्याला जाणाऱ्यांची यादी पक्की होते.
तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण सर केबिन म्हणाले होते.
उद्या जाणार.

१० मार्च
सरांचं प्रॅक्टिकल होतं. अडवणं योग्य नाही.

१४ मार्च
केबिनपर्यंत गेले. प्रगती. आत वर्गातला साईश सरांना कालच्या मॅचबद्दल सांगत होता. त्याला कुणी विचारलं होतं, देव जाणे. बाहेर आला आणि म्हणाला, कोणाची वाट बघतंस? म्हटलं, कोणाचीच नाही. मग तिथे थांबणं खोटं ठरलं असतं, म्हणून निघाले.
कँटीनमध्ये एकटीने पाव-भाजी खाल्ली. एकटं बसलं की डोकं शांत राहतं. कॉलेजात आल्यापासून शांतच आहे.

१७ मार्च, शुक्रवार
आत्याने गुंडाळलेलं पोस्टर उलगडलं आणि विचारलं, ह्या डब्यातला भात पिवळा कित्याक पडला? सांगायला लागले. मीठ, मुळं, आलेख, शेवटी ‘गैरहजर’सुद्धा, सगळं. पेज निवली तरी बोलतच होते. आत्या म्हणाली, इतक्या येतां तुका, मग थंय गप कित्याक रवलंस? म्हटलं, तूच शिकवलंस. तिने पोस्टर नीट गुंडाळून ठेवलं. मग म्हणाली, ता घरात पावणे येयत तेव्हासाठी होता गो बाय.

म्हणजे अडचण कसलीच उरली नाही. सरांना सांगायचं, नक्की. वाक्यही तयार आहे: सर, मी तिथेच होते.
उद्या शनिवार. कॉलेज अर्धा दिवस, सर घरी जायच्या गडबडीत असणार. गडबडीत सांगितलेलं नीट लिहिलं जात नाही. तेव्हा शांतपणे, पूर्ण तयारीनिशी जाणार. आता बदल नाही.
सोमवारी, २० मार्चला.