माझ्या तोंडचा शब्द

दौंड, १४ डिसेंबर १९५८, रविवार

सखूच्या सासरी, खुटबावला जाऊन परतलो, पण डोकं अजून तापलेलंच. धाकट्या बहिणीचा, सखूचा नवरा सरळ म्हणाला, "दादा, हिला स्किझोफ्रेनिया हाय. माहेरी न्या, मी दुसरीचं बघतो."

म्हटलं, "मनोविकारतज्ज्ञानं तपासलं का? की कुण्या मानसशास्त्राच्या मास्तरानं सांगितलं? तो डॉक्टर नव्हे!" त्या गाढवाला फरक कुठला कळायला? मूल जाऊन तीन महिने झाले, सखू अजून जेवताना त्याची छोटी वाटी मांडते, एवढंच. ते दुःख आहे, रोग नव्हे.

तर हसून म्हणतो, "तुमीच सांगितलं न्हवं गेल्या म्हयन्यात, ओट्यावर, धा मानसांम्होरं? म्या कुठनं आणू असला शबुद?"

खरं आहे. मनोविकारांवरचं एक पुस्तक नुकतंच वाचलं होतं. वाटी पाहिली आणि बोलून गेलो. का मांडतेस, हे तिला विचारलंसुद्धा नाही. आणि मी कोण? रेल्वेच्या मालधक्क्यावरचा कारकून.

निघताना सखू ती वाटी पदरानं पुसत म्हणाली, "दादा, मी येडी हाय का?"

सगळे ऐकत होते. 'नाही' म्हटलं तर 'मी चुकलो' हेही म्हणावं लागलं असतं.

मी म्हणालो, "बघू."