उरल्या वेळेतली खीर

कोथरूड, पुणे
३ एप्रिल २००६

आदरणीय सुंदराआत्या,

सविनय जयभीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतोय ना? आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. 'तुम्ही सांगितलेली सुजाताच्या खिरीची गोष्ट मी शब्दाला शब्द लावून लिहिली आणि बुद्धपौर्णिमेला तिचं मुलांसाठी चित्रांचं पुस्तक निघतंय,' असं मी कळवलं होतं. पुस्तक निघतंय हे खरं. (खरंच निघतंय, आत्या! माझं नाव छापलेलं कच्चं पान मी बसमध्ये तीनदा काढून पाहिलं.) शब्दाला शब्द मात्र खोटं ठरलं.

झालं असं. शाळेत जायच्या आधी मी तुमच्या स्वयंपाकघरात अक्षरं गिरवायचे आणि तुम्ही भाकरी थापत सांगायचात, 'सुजाताने उरल्या वेळेत सिद्धार्थाला खीर दिली.' मला ते फार पटायचं. झाडलोट, पाणी, धुणी, भांडी उरकल्याशिवाय बाई खीर करणार कधी? (आपल्या घरी तसंच होतं.) म्हणून सोळांपैकी अकरा पानं ती राबते आणि बाराव्या पानावर, उरल्या वेळेत, चुलीवर दूध चढवते. संपादक शर्मिलाताई तर खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत या गोष्टीतली भांडी कुणी घासलीच नव्हती!" चित्रकार भीमरावांनी सुजाताला तुमच्यासारखा खोचलेला पदर दिला, चष्माही दिला. (चष्मा मी काढायला लावला.)

आणि परवा विहाराच्या ग्रंथालयात, केवळ खात्री म्हणून, एक जाड ग्रंथ उघडला. (ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते, ती सवय घरी येतेच.) तिथे लिहिलंय, उरुवेला. गाव आहे ते, आत्या! 'उरुवेलेत खीर दिली.' एका गावाच्या नावापायी मी अकरा पानं भांडी घासली! लगेच तुम्हाला फोन करून विचारलं, "तुम्ही उरुवेलेत म्हणायचात का?" तर तुम्ही, "उरल्या वेळेत बोलू गं, तवा तापलाय," म्हणून फोन ठेवलात. म्हणून हे पत्र.

अठरा तारखेला पुस्तक छपाईला जातंय. विहारातली पोरं चुकीचं शिकली तर जबाबदार मी. गप्प बसणं मला जमणार नाही.

तुमची,
दीक्षा

ता. क. रडून झाल्यावर सुचलं. भांडी राहू देत. बाराव्या पानावर लिहायचं, 'उरुवेलेत, उरल्या वेळेत.' ग्रंथात भांड्यांचा उल्लेख नाही म्हणून ती कुणी घासलीच नसतील असं थोडंच आहे?

ता. क. २. खरी विनंती आता करते. पहिल्या पानावर 'गोष्ट सांगणारी : सुंदराबाई' असं घालू द्या आणि शर्मिलाताईंपुढे चूक कबूल करताना माझ्या शेजारी बसा. 'मला काय कळतंय त्यातलं' म्हणाल. ते मी ऐकलं असं समजा. जयंतीची गडबड ओसरली की येरवड्याला रिक्षा घेऊन येते. त्या दिवशी भांडी तुम्ही उरल्या वेळेत घासायची : सोमवार, १७ एप्रिल, सकाळी दहा वाजता.