काकींच्या दारातला पिणारा रस्ता

३ मार्च
गुडघा ठणकतोय. तरी साइटवर गेलो. उताराच्या गल्लीचं काम शेवटी आमच्याच मालकाला मिळालं. सबंध गल्ली नाही, खालच्या टोकाचे साठ फूट, पाणी जिरवणाऱ्या काँक्रीटचा नमुना म्हणून. दोन वर्षं पालिकेच्या साहेबांमागे भुणभुण लावली होती. वैतागून म्हणाले, "घ्या, करा एकदाचं."

खालच्या टोकाला सुभेदारकाकी. नवरा फौजेत होता, तो गेल्यापासून एकट्याच. पाच वर्षांपूर्वी त्या गल्लीत साधं काँक्रीट मीच टाकून घेतलं. जुना रस्ता न उकरता वर थर चढवला. रस्ता वीतभर उंच झाला, काकींचा उंबरा खाली गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात किल्ल्याकडून उतरणारं पाणी थेट त्यांच्या घरात. काकी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज त्यांना सांगून आलो, यंदा पाणी आत येणार नाही. सौ. म्हणते, "शब्द कशाला देऊन बसायचं?" दिला खरा.

९ मार्च
उकरून झालं. खाली मुरूम लागला, झकास. पाणी जिरेल. मोठ्या खडीचा हातभर थर भरला. रस्ता फार खाली घेता येत नाही, पुढचा चौक उंच आहे. म्हणजे पाणी येणार ते येणारच, ते रस्त्यानं पिऊन टाकलं पाहिजे. दुसरा इलाज नाही.

१४ मार्च
ओतलं. महादू गवंडी सकाळपासून फुरंगटलेला. नुसती खडी, सिमेंट आणि बेताचं पाणी, वाळू अजिबात नाही, हे त्याला पटेचना.
"वाळू न्हाई? आवं साहेब, ह्याला काँक्रीट म्हणायचं का राजगिऱ्याचा लाडू?"
म्हटलं, लाडूच पाहिजे. दोन खड्यांमधली भोकं मोकळी राहायला हवीत, त्यातूनच पाणी खाली जाणार.
वरून रूळ फिरवून झाल्यावर गडी थापी घेऊन बसला. "जरा वरनं घोटतो. लोकं काय म्हणतील, म्हादूनं खडी उघडी टाकून पैसं घेतलं!" हाताला धरून उठवला. घोटलं की भोकं बुजली.  दुपारी जेवायला लांब जाऊन बसला. त्याचंही खरं आहे, तीस वर्षं गुळगुळीत करायचंच शिकलाय.
प्लास्टिक अंथरलं. सात दिवस.

२२ मार्च
प्लास्टिक काढलं. गल्ली गोळा झाली. बादली ओतली, पाणी गायब. दुसरी ओतली, गायब. महादू वाकून बघत राहिला. "आयला, गेलं कुटं!" मग त्यानंच चार बादल्या ओतल्या.
काकी घरातून तांब्या घेऊन आल्या. सावकाश ओतला. "पितंय की गं बाई!" म्हणाल्या आणि रस्त्याला हात जोडले. गल्लीनं नावच ठेवलं, पिणारा रस्ता.
मी सगळ्यांना बजावलं: वाळूचा ढीग टाकायचा नाही, मातीचा ट्रॅक्टर उभा करायचा नाही, गाडी धुवायची नाही. माना डोलावल्या सगळ्यांनी.
किती दिवसांनी दुपारी झोप लागली.

एप्रिल, तारीख बघितली नाही
मालकानं सांगलीच्या साइटवर धाडलंय. ऊन. गुडघा. काही लिहिण्यासारखं नाही.

१९ मे
रात्री साताऱ्यात परतलो. काल वळवाची सर येऊन गेली म्हणे. सकाळी सातलाच गल्लीत गेलो.
पन्नास फूट कोरडं ठणठणीत. काकींच्या दारापुढे मात्र डबकं.
समजेना. बसून नख घातलं तर भोकांत हिरवट, घट्ट काहीतरी. एवढ्यात काकीच बादली घेऊन बाहेर आल्या. शेणकाला. डबक्याच्या कडेनं हातानं छान सडा टाकला. रांगोळीची वाटी तयारच.
"काकी! हे काय करताय?"
"सडा टाकतीय. पाच वर्सं दारात सडा न्हवता ओ. चिखलात कुटं टाकायचा? आता तुमी चांगला रस्ता दिला, रोज टाकती."
डोकं फिरलं. ओरडलो. भर गल्लीत, पंच्याहत्तरीच्या बाईवर. "सगळं घालवलंत!" असं काहीतरी बोललो. त्यांना कळलंच नाही काय घालवलं ते. बादली तशीच हातात.

१९ मे, दुपारी
जेवण गेलं नाही. सौ.ला सांगितलं. म्हणाली, "वाळू सांगितलीत, माती सांगितलीत, ट्रॅक्टर सांगितलात. सडा सांगितलात का?"
नाही सांगितला.
"मी रोज सकाळी तुमच्या डोळ्यांसमोर टाकते."
 छत्तीस वर्षं ओल्या सड्यावरून पाय चुकवत कामाला जातोय.

२० मे
काकींकडे गेलो. माफी मागितली, समजावून सांगितलं. शेण भोकात बसतं, वाळतं, वर रांगोळीची पूड. ऐकून त्यांनी दाराबाहेर बघितलं.
"म्हंजी मीच माजं दार बुजवलं?"
म्हटलं, चूक माझी, तुम्हाला सांगायला हवं होतं. म्हणाल्या, "तुमी कशाला सांगाल, ही काय सांगायची गोष्ट हाय?" चहा दिला. जास्त साखरेचा. 

२६ मे
गाड्या धुण्याचं पाण्याचं मशीन भाड्यानं आणलं. महादू आला, मजुरी नको म्हणाला. दोघांनी दिवसभर फवारा मारला. हिरवं पाणी निघत राहिलं. संध्याकाळी बादली ओतली. पितंय, पण सावकाश. निम्मं उघडलं असेल. उरलेलं शेण खाली उतरून बसलंय की काय, देव जाणे. उकरल्याशिवाय कळायचं नाही, आणि साहेब आता उकरू देणार नाहीत.
कंटाळा आलाय सगळ्याचा. रिटायर व्हायला हवं होतं.

११ जून
काकी दार लावून घेतात हल्ली. शेजारीण म्हणाली, सकाळी बाहेरच येत नाहीत. सडा नाही, रांगोळी नाही. दारात उभं राहायची लाज वाटते म्हणतात. ही लाजही मीच दिली.

८ जुलै
पहाटेपासून कोसळतोय. अकराला छत्री घेऊन निघालो. सौ.नं चपला काढून दिल्या.
गल्लीतून पाणी घोट्याएवढं. वरच्या पन्नास फुटांत बरंचसं गडप होतंय. उरलेलं काकींच्या दारापुढे साठलंय. उंबऱ्याच्या दोन बोटं खाली.
दार उघडं होतं. काकी आत पाटावर बसलेल्या. दर पावसाळ्यात त्या लोखंडी पेटी, गव्हाचं पोतं, सुभेदारांचा फोटो, सगळं कॉटवर चढवून ठेवतात, शेजारीण हात लावते. आज सगळं जमिनीवरच. पोतंसुद्धा.
म्हटलं, "काकी, उचलून ठेवू या."
"कशाला?"
"पाणी..."
"येणार न्हाई म्हनालाय न्हवं तुमी?"
मी पेटीची कडी धरली. त्या उठल्या आणि माझा हात बाजूला केला. "ठिवा खाली. बसा."
खाली ठेवली.
वहीत हे त्यांच्या पाटाशेजारी बसून लिहितोय. दीड वाजलाय. पाऊस तसाच. दोघं उंबऱ्याकडे बघतोय. मघाशी दोन बोटं वाटत होतं. आता दीड वाटतंय, पण माझी नजर काही भरवशाची नाही.